लेकीच्या खोलीतली फुरफुर

तो आवाज पहिल्यांदा आला तेव्हा मी हिच्याकडे पाहिलं आणि हिने माझ्याकडे. इतकी वर्षं संसार केल्यावर घरातल्या कुठल्याही अनोळखी आवाजाचा पहिला संशय जोडीदाराच्या पोटावरच जातो. मग आम्ही दोघांनी मिळून टेबलाकडे पाहिलं. आवाज तिथूनच येत होता. फुर्रर्र... फट... फट... फुर्रर्र. मी स्वतःच्या हातांनी जोडलेला, गेम खेळायचा खास कॉम्प्युटर निळा-जांभळा उजेड पाडत उभा होता आणि दुपारी खुर्चीत डुलकी लागलेल्या आजोबांसारखा फुरफुरत होता.

‘गेम खेळायचा’ हे वाचून तुमच्या भुवया वर गेल्या असतील. जाऊ द्या. आमच्या ऑफिसातल्यांच्याही गेल्या होत्या आणि काहींच्या अजून खाली आलेल्या नाहीत. माझं वय गुडघ्यांना तेल चोळायचं आहे हे मलाही ठाऊक आहे. पण आमची एकुलती एक लेक नोकरीसाठी लांबच्या शहरात गेली आणि फोनवर आमचं बोलणं “जेवलीस का?”, “जेवले, तुम्ही जेवलात?”, “जेवलो” याच्या पुढे सरकेना. रोज जेवणार तरी किती आणि सांगणार तरी काय? शेवटी तीच एकदा म्हणाली, “बाबा, आपण एक गेम खेळू या. त्यात एक बेट आहे. दर रविवारी दुपारी तिथे भेटू. होडी बांधू, मासे पकडू. बोलायला काही नसलं तरी चालेल.”

ते शेवटचं वाक्य ऐकून मी तिथल्या तिथे हो म्हणालो.

हिचं दुखणं वेगळं होतं. लेक गेल्यापासून हिची झोपच उडाली होती. रात्र म्हणू नका, दुपार म्हणू नका, उघड्या डोळ्यांनी छताकडे बघत पडायची. लेकीच्या खोलीचं दार अर्धं उघडं ठेवायची आणि त्या दाराकडे तोंड करून कूस बदलायची. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, शेजारणींनी गरम दूध सुचवलं, मी “अगं, झोप ना आता” असा सल्ला दिला. कशाचाच उपयोग झाला नाही. मला ते दिसत होतं, वाईटही वाटत होतं, पण काय करावं ते कळत नव्हतं. मी पाणीपुरवठा कार्यालयात तक्रार विभागात आहे. जे कळत नाही ते पुढच्या टेबलाकडे सरकवायचं, ही तिथली शिस्त. हिची झोप सरकवायला पुढचं टेबल नव्हतं.

कॉम्प्युटर जोडून द्यायला दुकानदार तयार होता. “काका, आम्ही करून देतो,” असं ‘काका’ या शब्दावर जरा जास्तच जोर देऊन तो म्हणाला, आणि माझा स्वाभिमान जागा झाला. माझा स्वाभिमान एरवी फारसा कुणाला त्रास देत नाही, पण जागा झाला की घरभर फिरतो. मी सगळे सुटे भाग खोक्यांतून घरी आणले. लेक व्हिडिओवरून सांगत होती आणि मी जोडत होतो. “बाबा, हा स्क्रू इतका पिळू नका.” “बाबा, तो पंखा उलटा बसलाय.” “बाबा, चष्मा आत पडलाय.” तिने मला सगळं विचारलं. एक गोष्ट सोडून, आणि ती विचारायचं कुणाला सुचलंही नसतं.

ती गोष्ट अशी. आमच्या घरात नव्या वस्तूवरचं प्लॅस्टिक काढत नाहीत. याला तुम्ही कंजूषपणा म्हणा, आम्ही संस्कार म्हणतो. प्लॅस्टिक काढलं की वस्तू जुनी झाली. आमच्या फ्रीजच्या दारावरची पारदर्शक झिल्ली लेक शाळेत जाऊ लागली तेव्हापासूनची आहे. तिचे कोपरे पिवळे पडून वळलेत, पण फ्रीज नवाच आहे. रिमोट पिशवीत असतो. मिक्सरला हिने शिवलेला अंगरखा आहे. तेव्हा कॉम्प्युटरच्या प्रत्येक भागावर ती तलम झिल्ली पाहून मला अगदी आपल्या माणसांत आल्यासारखं वाटलं. जिथे तिचा कोपरा सुटला होता तिथे मी बोटाने नीट दाबून बसवला आणि मगच पुढचा भाग जोडला.

कॉम्प्युटर लेकीच्या खोलीत, तिच्या अभ्यासाच्या टेबलावर बसवला. मागेच तिचा पलंग. पहिल्या रविवारी मी कानाला हेडफोन लावून बेटावर उतरलो आणि थक्क झालो. समोर समुद्र पसरला होता. उन्हात पाणी चकाकत होतं, किनाऱ्याशी येऊन परत जात होतं. पाण्याच्या खात्यात उभी हयात गेली, पण इतकं पाणी मी एका जागी कधी पाहिलं नव्हतं. लेक किनाऱ्यावर पिवळी टोपी घालून उभी होती. म्हणजे तिचं चित्र. ते मला बघून हात हलवत होतं. मी हात हलवायला गेलो आणि सरळ समुद्रात पडलो.

तेवढ्यात ते सुरू झालं. फुर्रर्र... फट... फट.

“आपल्या जुन्या टेबलफॅनची आठवण झाली बघा,” मागून ही म्हणाली आणि “जरा पाठ टेकते” म्हणून पलंगावर आडवी झाली. मी इतका राबून हे आधुनिक यंत्र उभं करावं आणि हिला भंगारात गेलेला पंखा आठवावा! मनाला लागलं की मी बोलत नाही, फक्त जोरात श्वास घेतो. पण वळून बघतो तो ही डोळे मिटून स्वस्थ पडलेली.

लेकीला मी आवाजाचं सांगितलं नाही. “बाबा, सगळं नीट आहे ना?” तिने विचारलं, आणि मी “एकदम झकास” म्हणालो. स्वतः जोडलेल्या वस्तूची निंदा स्वतः कशी करणार? आपलेच दात आणि आपलेच ओठ. आम्ही होडीसाठी लाकडं गोळा केली. हळूहळू तिचं बोलणं कमी झालं, मग तिची पिवळी टोपी समुद्राकडे तोंड करून नुसती उभी राहिली. मी दोन-तीनदा हाक मारली. उत्तर नाही. नेट गेलं असेल म्हणून मी एकटाच लाकडं तोडत राहिलो. पुढच्या रविवारीही तसंच झालं. तिच्याकडचं नेट फारच भिकार आहे असा मी निष्कर्ष काढला.

पण माझ्या मशीनचा आवाज मला स्वस्थ बसू देईना. पहिला सल्ला आला मेहुण्याकडून. आमच्या मेहुण्याला जगातली कुठलीही गोष्ट दुरुस्त करता येते, एकच अट, ती दुसऱ्याची असली पाहिजे.

“भावोजी, हा कंप आहे,” तो आल्या आल्या म्हणाला. “पायाखाली मऊ काहीतरी द्या.”

मऊ म्हणून कपाटातून लेकीचे लोकरीचे मोजे निघाले. कॉम्प्युटरच्या चारही पायांत आम्ही ते घातले. मोजे घातलेला कॉम्प्युटर फार भाबडा दिसायला लागला. आवाज तसाच. मग मेहुण्याने स्वयंपाकघरातून स्टीलचा पेला आणला, त्याचं तोंड कॉम्प्युटरच्या डब्याला आणि बूड आपल्या कानाला लावलं आणि “बोलू नका, मी ऐकतोय” असं बजावलं. बराच वेळ त्याने ऐकलं. मी चहा करून आणला तरी तो ऐकतच होता. जवळ जाऊन पाहिलं तर पेला कानाशी तसाच होता आणि मेहुणा झोपला होता. ही तर त्याआधीच पलंगावर गाढ. घरावर संकट आलेलं असताना निदान बायकोने जागं राहावं, एवढीच माझी अपेक्षा होती.

दुसरे आले ते वरच्या मजल्यावरचे गाणं शिकवणारे मास्तर. त्यांची तक्रार अशी की आवाज जमिनीतून वर येतो आणि त्यांच्या विद्यार्थिनी नकळत त्याच सुरात गायला लागतात.

“ऐकू तरी द्या,” ते म्हणाले आणि खुर्चीत बसले. डोळे मिटले. बोटाने मांडीवर लय धरली. “सूर वाईट नाही हो. जरासा उतरलाय. पण लय! वा! किती निवांत लय आहे. घाई म्हणून नाही.”

“बंद कसा करायचा, मास्तर?”

“अं?” मास्तर लांबून कुठूनतरी म्हणाले. “बंद कशाला... समजून घ्या त्याला...” आणि त्यांची समाधी लागली. समाधीत थोडं घोरणंही होतं, पण लयीत.

त्या दुपारी मी खोलीच्या दारात उभा होतो. पडद्यातून ऊन झिरपत होतं. मास्तरांची मान एका बाजूला कलली होती, हिचा हात पलंगाखाली लोंबत होता, पडद्यावर माझी अर्धवट होडी पाण्यात डुलत होती. आणि फुर्रर्र, फट, फट. मलाही वाटलं की आपणही कुठेतरी टेकावं. मग मला आठवलं की मी संकटात आहे.

खरं संकट सेक्रेटरींच्या रूपाने आलं. सोसायटीचे सेक्रेटरी आमच्या अगदी खालच्याच मजल्यावर राहतात. सोसायटीत मला सगळे ‘पाणीवाले’ म्हणतात. नळाला पाणी आलं नाही की माझं दार वाजतं, जणू मी ते कपाटात कोंडून ठेवलंय. तर पाणीवाल्याच्या घरातून दुपारचा फुरफुर आवाज येतो म्हटल्यावर सोसायटीने काय समजावं? सोसायटी समजली की पाणीवाल्याने चोरून पंप बसवलाय आणि सगळ्यांचं पाणी खेचून तो लेकीच्या खोलीत साठवतोय.

“पंप नाही हो, कॉम्प्युटर आहे,” मी सेक्रेटरींना खोलीत नेऊन दाखवलं.

“कॉम्प्युटरला मोजे?” सेक्रेटरींनी विचारलं.

या प्रश्नाला सन्मानाने देता येईल असं उत्तर मराठीत नाही.

“बरं, आणि हे करतं काय?”

“याच्यात मी मासे पकडतो.”

“म्हणजे पाणी आहेच,” सेक्रेटरी म्हणाले.

कुणीतरी रीतसर तक्रार केली. पाणीपुरवठा कार्यालयात. आणि नियमाप्रमाणे ती माझ्याच टेबलावर आली. ‘अमुक मजल्यावरील रहिवासी, जो आपल्याच कार्यालयात कामाला असल्याचे समजते, त्याच्यावर कारवाई व्हावी.’ इतकी वर्षं मी लोकांना जे लिहीत आलो तेच लिहिलं, ‘आपली तक्रार योग्य त्या विभागाकडे पाठवण्यात आली आहे,’ आणि खाली माझीच सही केली. साहेबांनी बोलावून घेतलं. मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि फक्त “या वयात?” एवढंच विचारलं. ते पंपाबद्दल विचारत होते की खेळाबद्दल, ते मी स्पष्ट करून घेतलं नाही.

त्याच संध्याकाळी सेक्रेटरींनी जिन्यात गाठून सांगितलं, “पाणीवाले, वाईट वाटून घेऊ नका. आवाज बंद करा, नाहीतर ते यंत्र घरातून हलवा. पुढच्या रविवारी ऐकू आलं तर मला सभा बोलवावी लागेल.”

घरी येऊन मी हिला म्हणालो, “मशीन परत करतो.”

“अहो, असू द्या ना,” ही म्हणाली. “काय बिघडतंय?”

“माझी अब्रू बिघडत्ये.”

“आणि ती तिकडे रविवारी वाट बघेल त्याचं काय?”

त्याचं काय, ते मलाही माहीत नव्हतं. बेट गेलं की पुन्हा “जेवलीस का?” वर यायचं. मशीन सुरू करून ठेवलं, ही पलंगावर आडवी झाली, आणि छातीवर दगड ठेवून मी खोक्यांवरच्या कंपनीच्या तक्रार क्रमांकावर फोन लावला. बरंच संगीत ऐकवल्यावर एक मुलगी बोलायला आली.

“सर, आपली झालेली गैरसोय आम्ही समजू शकतो.”

मला एकदम भरून आलं. ते वाक्य माझं होतं. तोच सूर, तेच ‘समजू शकतो’, ज्यात समजण्याची तसदी कुणीच घेत नाही. मी तिला सगळं सांगितलं. मोजे सोडून. तिने समोरचे प्रश्न एकेक करून वाचायला सुरुवात केली. मशीन ओलं झालं का? पडलं का? परत घ्यायचं तर ते मूळ स्थितीत आहे का?

इथे मला स्फुरण चढलं. इतके दिवस ज्याला त्याला मी खाली मान घालून उत्तरं देत होतो. निदान या एका बाबतीत तरी माझ्याकडे बोट दाखवायची कुणाची हिंमत नव्हती.

“मूळ स्थितीत?” मी खणखणीत आवाजात म्हणालो. “अहो, आतल्या एकाही भागावरचं प्लॅस्टिकसुद्धा मी काढलेलं नाही!”

पलीकडे शांतता पसरली.

ती शांतता मी ओळखतो. फोनवर हात ठेवून शेजारच्या टेबलावरच्याला डोळ्यांनी बोलावून घेतात, तेव्हाची ती शांतता असते. मी स्वतः ती कितीतरी वेळा पाळली आहे. आणि त्या शांततेत मला माझंच वाक्य पुन्हा ऐकू आलं. प्लॅस्टिकसुद्धा काढलेलं नाही. पंख्यावरचंही नाही. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

“सर?” मुलगी म्हणाली. तिचा आवाज किंचित थरथरत होता. “आपल्याला आणखी काही मदत हवी आहे का?”

“नको,” मी म्हणालो. “एवढी पुष्कळ झाली.”

मी मशीन चालूच ठेवून बाजूचं झाकण उघडलं. पुढच्या पंख्याच्या जाळीवर ती झिल्ली होती, मीच दाबून बसवलेली. तिचा एक कोपरा सुटून आत वळला होता आणि पंख्याच्या पात्याला टेकून फुरफुरत होता. डोंगर पोखरून उंदीरही निघाला नव्हता, नुसती त्याची मिशी निघाली होती. पंखा थांबवला, झिल्ली नखाने धरून ओढली, पंखा पुन्हा सुरू केला. काहीही ऐकू आलं नाही. यंत्र चालू आहे की बंद, ते कळेना.

“काय हो? काय झालं?” पलंगावरून ही दचकून उठून बसली.

“काही झालं नाही. आवाज बंद झाला!”

“हो का,” ही म्हणाली. “बरं झालं.” चादर सारखी केली आणि आत निघून गेली. एवढी मोठी लढाई जिंकून आलेल्या माणसाचं हे स्वागत. मी जोरात श्वास घेतला.

सेक्रेटरींना मी ती शांतता घरी बोलावून ऐकवली. ऑफिसात माझ्याविरुद्धच्या तक्रारीवर ‘तक्रारीचे निवारण झाले आहे’ असं लिहिलं. आमच्या विभागाच्या इतिहासात हे वाक्य खरं असण्याची बहुधा ती पहिलीच वेळ. मास्तर जिन्यात भेटले. म्हणाले, “बंद केलंत वाटतं,” आणि सुस्कारा टाकून वर गेले.

रविवार आला. मी ताठ मानेने बेटावर उतरलो. आमची होडी तयार झाली होती. समुद्र निवळशंख, खोली चिडीचूप. मागे पलंगावर ही येऊन पडली. पिवळी टोपी किनाऱ्यावर उभी होती.

“बाबा, तुमच्याकडचं काहीतरी बंद पडलंय का?” लेक म्हणाली. “मागचा तो आवाज येत नाहीये.”

“कुठला आवाज?” मी सावधपणे विचारलं.

“तो फुर्रर्र. आपल्या टेबलफॅनसारखा.”

“तुला तो ऐकू यायचा?”

“पहिल्या दिवसापासून.”

“मग बोलली का नाहीस? तो दोष होता, बाळा. मी तो दुरुस्त केला. प्लॅस्टिक अडकलं होतं.”

ती हसली, पण ते हसू जरा ओलं होतं. “मला वाटलं तुम्ही मुद्दाम लावलाय. मी लहानपणी बिस्किटाच्या पुड्याचा कागद पंख्याच्या जाळीला चिकटवायचे ना, तसा. त्याच्याशिवाय मला झोप यायची नाही. बाबा, इथे मला अजिबात झोप लागत नाही हो. फक्त रविवारी दुपारी लागायची. तुम्ही लाकडं तोडत असायचात, मागे तो आवाज असायचा, आणि मला वाटायचं मी माझ्या खोलीतच आहे.”

म्हणजे नेट भिकार नव्हतं.

मी मागे वळून पाहिलं. ही उघड्या डोळ्यांनी छताकडे बघत पडली होती. लेक गेल्यानंतर पडायची तशीच. आणि मग मला मेहुणा आला होता ती दुपार आठवली, मास्तर आले होते ती आठवली, त्या सगळ्या दुपारी आठवल्या. माझी तक्रार घेऊन मी दारोदार फिरत होतो आणि माझ्या पाठीमागे माझ्या घरातली खरी तक्रार आपोआप मिटत होती. माझं मला फार हसू आलं.

“थांब हं,” मी लेकीला म्हणालो.

ती झिल्ली मी फेकली नव्हती. आमच्या घरात फेकत नाहीत. खणातून ती काढली, कात्रीने तिची बोटभर रुंदीची पट्टी कापली, झाकण उघडलं, पंखा थांबवला आणि पट्टीचं टोक पात्याला जेमतेम लागेल अशा बेताने ती जाळीला चिकटवली. पहिल्यांदा नुसतीच टकटक झाली. पट्टी जरा वर सरकवली. पुन्हा जरा. आयुष्यात मी कुठलंही काम इतकं मन लावून बिघडवलं नव्हतं.

फुर्रर्र... फट... फट... फुर्रर्र.

पूर्वीपेक्षा हळू होता. खालच्या मजल्यापर्यंत बहुधा जाणार नाही. आणि गेलाच, तर सेक्रेटरींनी खुशाल सभा बोलवावी. मी उत्तर लिहून ठेवलं आहे. तक्रार योग्य त्या विभागाकडेच आली आहे आणि विभाग ती बंद करणार नाही.

“आला का गं आवाज?” मी विचारलं.

“आला,” ती म्हणाली. “बाबा, तुम्ही जेवलात का?”

“जेवलो. तू?”

उत्तर आलं नाही. पिवळी टोपी समुद्राकडे तोंड करून स्तब्ध उभी होती. हेडफोनमध्ये तिचा श्वास ऐकू येत होता, संथ, लांब. मागे हिचा हात पलंगावरून खाली आला होता आणि हिचाही श्वास तसाच चालू होता. मी होडीत बसलो. लाटा येत होत्या, जात होत्या. वल्हं मारलं असतं तर पाण्याचा आवाज झाला असता, म्हणून मी ते नुसतंच हातात धरून बसून राहिलो.